देवाइतकीच मुदत

लोकांना वाटतं, पाठीवर बिऱ्हाड घेऊन वर्षभर परदेशात हिंडणारं जोडपं रोज काहीतरी अजब बघत असणार. खरं सांगू का, आम्ही बहुतेक वेळ कपडे वाळवत होतो. दोघांचे मिळून आठ शर्ट, चार पँट आणि एक नायलॉनची दोरी. नवी खोली मिळाली की माझा नवरा श्रीशैल आधी खिडकीतून बाहेर काय दिसतं ते बघायचा. मी दोरी बांधायला खिळा शोधायची. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, लाओस, शेवटी जॉर्जिया. प्रत्येक देश मला त्याच्या खिळ्यांवरून आठवतो.

भांडायची तर फारच पंचाईत. पुण्यात भांडण झालं की एकानं गॅलरीत जायचं, एकानं स्वयंपाकघरात. इथं दहा खाटांची खोली, माझी खाट वरची, त्याची खालची. बाकीच्या आठ जणांना मराठी कळत नसलं तरी भांडण कळतं. म्हणून आम्ही हसऱ्या तोंडानं भांडायला शिकलो. "तुझ्याइतका आळशी माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल," हे मी इतक्या गोड आवाजात म्हणायची की शेजारच्या खाटेवरची जर्मन मुलगी म्हणाली, तुमचं दोघांचं किती प्रेम आहे! मी म्हटलं, हो ना.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल व्हावं म्हणून सगळे दवाखाने पालथे घालून झाले होते. एक दिवस श्रीशैल म्हणाला, इंजेक्शनं बास, नोकरी बास, निघू या. मी हो म्हणाले. त्या निघण्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो न परतण्याचा.

अडचण एकच होती, अव्वा. श्रीशैलची आई शांताक्का. आमच्या लिंगायतांच्या घरांत आईला अव्वा म्हणतात, म्हणून मीही सासूला अव्वाच म्हणते. सासरे गेल्यापासून त्या अणदूरच्या घरात एकट्या. पुण्याला या म्हटलं की, "तुमच्या घरात उभं राह्यला अंगण न्हाय," हे ठरलेलं उत्तर. शेजारच्या पार्वतम्मा दिवसातून चार वेळा डोकावायच्या, एवढाच आधार.

आता अणदूरचं एक सांगायला हवं. आमच्या गावचा खंडोबा बारा महिने गावात नसतो. सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गात. देव न्यायचा तर दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसतात आणि लेखी करार होतो, की अमुक दिवशी नेला, अमुक दिवशी परत आणू. देवाच्या शब्दावरही तोंडी विश्वास ठेवत नाहीत आमच्याकडं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते, आणि अव्वा तर त्याच गल्लीत म्हाताऱ्या झालेल्या.

पौषात देव नळदुर्गहून परत आला, त्याच आठवड्यात आम्ही अव्वांना सांगायला गेलो. आकांडतांडव होणार म्हणून मी कंबर कसून बसले होते. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं, तळहातावरचं इष्टलिंग पुसून गळ्यातल्या चौकात, त्याच्या चांदीच्या डबीत, ठेवलं आणि म्हणाल्या, "देव जायचा तर लिहून देऊन जातोय. तुमी काय देवापरीस मोठे लागून गेलात?"

वहीचा कागद आला. त्यांनी सांगितलं, श्रीशैलनं लिहिलं. 'देव अणदुरात आहे तोवर आम्ही परदेशात राहू. चंपाषष्ठीची यात्रा होऊन देव नळदुर्गाला निघायच्या आत घरी हजर होऊ.' खाली आमच्या सह्या, अव्वांची सही, साक्षीदार म्हणून पार्वतम्मांची. श्रीशैलला हसू आवरत नव्हतं. अव्वा मात्र हसल्या नाहीत.

"हसू नगंस," त्या म्हणाल्या. "देव बी न्हाय आन तुमी बी न्हाय, मग म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?"

कागद देव्हाऱ्यात भस्माच्या डबीखाली गेला. आमच्या पाठपिशवीत चाळीस कडक भाकरी गेल्या. पापडासारख्या कुरकुरीत भाजलेल्या या भाकरी महिनोन्‌महिने टिकतात. सोबत शेंगाची चटणी. परदेशात प्रत्येक रश्शात मासळीचं पाणी असायचं. मी हातवारे करून 'मासा नाही' सांगायची, बाई हसून मान डोलवायची आणि वाटीत मासा यायचा. मग मी पिशवीतून भाकरीचा तुकडा काढायची. जूनपर्यंत भाकरीचा चुरा झाला होता, तोही आम्ही चमच्यानं खाल्ला.

रोज संध्याकाळी सहाला, अणदूरच्या सहाला, व्हिडिओ फोन. आमचा फोन आला की पार्वतम्मा बटण दाबून तो तांब्याला टेकवून ठेवायच्या आणि अव्वा पदर सारखा करून समोर बसायच्या. जेवला का, झोप लागती का, तिकडं पाऊस हाय का. मग श्रीशैल फोन खिडकीकडं वळवायचा आणि अव्वा तो देश बघायच्या. "लई पाणी हाय की रं," एवढाच शेरा, कुठलाही देश असो. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही कुठंकुठं धावलो आहोत! रेंज मिळावी म्हणून एकदा एका हॉटेलच्या न्हाणीघरात उभं राहून बोललो.

प्रत्येक देश पासपोर्टवर शिक्का मारतो, इतके दिवस राहा आणि निघा. श्रीशैलनं त्या तारखा फोनात लिहून ठेवल्या होत्या. एक दिवस जरी जास्त झाला तरी दंड, म्हणून आम्ही तापात, पावसात, भांडणात सुद्धा वेळेवर सीमा ओलांडली. वार कोणता हे आठवायचं नाही, पण मुदत कधी संपते हे झोपेतही सांगता यायचं. सगळ्यांच्या मुदती पाळल्या. चुकवली ती फक्त भस्माच्या डबीखालची.

तसं झालं काय, की कार्तिकात आम्ही व्हिएतनामच्या उत्तरेला होतो. हवा सुरेख, पैसे शिल्लक, आणि घरी परत जाऊन काय करायचं याचं उत्तर दोघांकडंही नाही. श्रीशैल म्हणाला, संक्रांतीपर्यंत राहू. मी म्हटलं, अव्वा जीव घेतील. फोनवर कसं सांगायचं याची आम्ही दोन दिवस तालीम केली.

अव्वांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "राहा की. घाई कशाची?"

फोन ठेवल्यावर श्रीशैल खुशीत खाटेवर आडवा झाला. "बघितलंस? अव्वा किती समजूतदार झाली." मलाही तसंच वाटलं. खरं तर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं की माणूस पुढचं बघत नाही. करार वाढवायचा तर दोन्हीकडची माणसं समोर लागतात, नवा कागद लागतो, हे आम्हाला माहीत नव्हतं का? अणदूरचेच ना आम्ही? पण आम्ही फोनवर तोंडी वाढवून घेतला.

संक्रांतीला लाओसमध्ये होतो. महाशिवरात्रीपर्यंत मुदत वाढवून मागितली. "राहा की," अव्वा हसून म्हणाल्या. शिवरात्रीला जॉर्जियातल्या एका डोंगरी गावात होतो. तिथल्या अतिथीगृहात चादरी धुवायच्या, लाकडं आत आणायची आणि त्या बदल्यात राहायचं, असं काम मिळालं होतं. पाडव्यापर्यंत वाढवून मागितली. "राहा की. घाई कशाची?" तेच शब्द, तीच मान डोलावणं.

पार्वतम्मांनी मध्ये एकदा सांगितलं होतं. अव्वा लिंगपूजेला आत गेल्या होत्या, तेवढ्यात फोन तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "महेश्वरी, आक्का जरा इसरायल्यात गं. परवा दोनदा चहा केला, दोनदा इसरल्या." श्रीशैल मागून ओरडला, "पार्वतम्मा, आम्हाला वार आठवत नाही, त्याचं काय?" सगळे हसलो. एकदा अव्वांनी मला उमा म्हणून हाक मारली. उमादेवी त्यांची धाकटी बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हटलं, मी सावळी, उमामावशीही सावळ्या, झाली असेल गफलत. माणसाला स्वतःला पटवायचं असलं की कारणं कमी पडत नाहीत.

फाल्गुनात, एका दुपारी, सहाची वेळ नसताना फोन आला. मी चादरी पिळत होते. पार्वतम्मा रडत होत्या आणि मागं बसगाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"आक्का सापडल्या बाई. नळदुर्गात सापडल्या."

सकाळी अव्वा घरातून निघाल्या होत्या. कुणाला काही न सांगता हायवेवर उभ्या राहून बसमध्ये बसल्या आणि नळदुर्गला उतरल्या. तिथून खंडोबाच्या देवळात. हातात तो वहीचा कागद. देवळात जो दिसेल त्याच्यापुढं कागद धरून म्हणत होत्या, "मुदत संपली. आमची माणसं परत द्या."

कुणाला काही कळेना. देव तर अणदुरातच होता. शेवटी तिथल्या बलभीम नावाच्या फुलवाल्यानं कागद वाचला, अणदूरचं नाव बघितलं आणि ओळखीतून फोन करून पार्वतम्मांना बोलावून घेतलं. तोवर त्या दगडी पायरीवर बसून होत्या. पाणी घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "आदी माणसं द्या, मग पाणी."

मी पिळलेली चादर हातात घेऊन तशीच उभी राहिले. अणदुरातून जे करारावर जातं ते नळदुर्गात जातं आणि तिथूनच परत मिळतं, एवढंच त्यांच्या डोक्यात शाबूत राहिलं होतं. फोनवर हसून 'राहा की' म्हणणाऱ्या अव्वांना कशाची मुदत आणि कशाची वाढ हे बहुधा कळतच नव्हतं. आणि आम्ही तीन वेळा त्याला समजूतदारपणा म्हणालो होतो. मला स्वतःची इतकी शरम आजवर कधी वाटली नव्हती.

लगेच निघायचं म्हटलं तर बर्फानं घाट बंद. मालकीणबाईनं बोटांनी सांगितलं, तीन दिवस. श्रीशैल दर तासाला रस्त्यापर्यंत जाऊन बर्फ बघून यायचा, जणू त्याच्या बघण्यानं तो वितळणार होता. मी पाठपिशव्या भरल्या, रिकाम्या केल्या, परत भरल्या. एवढं वर्ष जगात कुठंही जाता येतं म्हणून मिरवलं आणि आईकडं तेवढं जाता येईना.

त्या तिन्ही दिवशी सहाला फोन लागला. अव्वा नेहमीसारख्या पदर सारखा करून बसलेल्या.

"अव्वा, नळदुर्गला कशाला गेली होतीस?" श्रीशैलनं विचारलं.

"म्या? म्या कवा गेले?" त्या हसल्या. "तिकडं पाऊस हाय का?"

चौथ्या दिवशी घाट उघडला. मग दोन विमानं, हैदराबाद, आणि सोलापूरकडं जाणारी बस. जळकोट गेलं. नळदुर्गचा फाटा आला तेव्हा श्रीशैलनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. वर्षभर आम्ही चोवीस तास एकत्र होतो, पण त्यानं असा हात कधी धरला नव्हता.

दुपारी चारच्या सुमाराला घरात शिरलो. अव्वा ओसरीवर शेंगा फोडत होत्या. सुपातले दाणे वेगळे, टरफलं वेगळी, हात अगदी सफाईनं चाललेले. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला केलं, पदर सावरला आणि उठून उभ्या राहिल्या.

"बर्री, कूडरी," म्हणाल्या. या, बसा. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली कानडी. मग आतून गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणला आणि श्रीशैलला विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

"अव्वा, मी श्रीशैल."

"व्हय का? माझ्या पोराचं बी नाव श्रीशैलच हाय," त्यांचा चेहरा फुलला. "तो परदेशात असतोय. सून बी संगं हाय. लई हुशार पोरं हायत. सहाला फोन येतोय रोज. बसा तुमी, दावते तुमास्नी."

श्रीशैलनं त्यांचे पाय धरले. त्या संकोचून मागं सरल्या, परक्या माणसानं असं करू नये म्हणून. मी त्यांच्या जवळ जाऊन म्हटलं, अव्वा, मी महेश्वरी. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "माझी सून जाडजूड हाय." वर्षभर मासा चुकवत जगलेली मी बारा किलोनं उतरले होते, श्रीशैलला दाढी छातीपर्यंत आलेली. मी मनाशी म्हटलं, दाढी काढली की ओळखतील. संध्याकाळच्या आत पार्वतम्मांनी न्हावी बोलावून दाढी काढवली. अव्वांनी नव्या चेहऱ्याकडंही पाहुण्याच्याच मायेनं बघितलं.

"फोनवर रोज वळखत्यात हो," पार्वतम्मा मला चुलीजवळ हळूच म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती.

सहाला पाच कमी असताना अव्वांनी फोन तांब्याला टेकवला. शेजारी मला बसवून घेतलं. "आता येईल." सहा वाजले. सव्वासहा झाले. त्या फोन उचलून कानाला लावायच्या, परत टेकवायच्या. श्रीशैल समोरच्या खांबाला टेकून उभा होता. "अव्वा, मी इथं आहे, आता फोन कशाला," तो म्हणाला. त्यांनी ऐकलंच नाही. साडेसहाला त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "आज का न्हाय आला? काय झालं पोराला?" आणि त्या पदर तोंडाला लावून लहान मुलासारख्या रडायला लागल्या.

श्रीशैलनं माझ्याकडं बघितलं. तो मागच्या दारानं बाहेर गेला.

तांब्याजवळचा फोन वाजला. पार्वतम्मांनी बटण दाबलं. पडद्यावर श्रीशैल. अव्वांनी डोळे पुसले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"आलास का रं बाबा! किती उशीर? दाढी काढलीस व्हय? बरं केलंस. जेवलास का?"

"जेवलो अव्वा."

"बघा हो," त्या मला म्हणाल्या, "ह्यो माझा पोरगा." मग पडद्याजवळ तोंड नेऊन, "महेश्वरी कुठं हाय रं? भांडलास का तिच्याशी?"

मी उठले. अव्वांच्या शेजारून उठून, स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं अंगणात गेले आणि श्रीशैलच्या खांद्याजवळ उभी राहिले, रोज राहायची तशी. त्याच्या हातातला फोन घेऊन मी धरला.

"ही बघा आली. किती वाळलीस गं," आतून अव्वांचा आवाज आला, फोनमधून आला आणि भिंतीपलीकडूनही आला. "दाव बरं, कुठला देश हाय आज?"

सवयीनं श्रीशैलनं माझ्या हातातला फोन वळवला. मागचं अंगण, चैत्राच्या तोंडावर फुललेला कडुलिंब, दोरीवर पार्वतम्मांनी वाळत घातलेली अव्वांची दोन लुगडी.

"तिकडं बी लिंब हाय व्हय?" अव्वा म्हणाल्या. "आपल्यावाणीच हाय की सगळं. चांगला देश गवसला बघ ह्यो." मग आत कागद उलगडल्याचा आवाज आला. "पारू, लिही गं. पोरास्नी तिथं करमतंय. मुदत वाढवून दे त्यांची."

मग त्या पडद्याकडं वळल्या. "माझं काय, म्या हाय हितंच. राहा की. घाई कशाची?"

आणि आम्ही दोघं, त्यांच्यापासून दहा पावलांवर उभे राहून, वर्षभर म्हणत आलो तसं म्हणालो, "बरं, अव्वा."